त्रेचाळीस

चौतीस वर्षं बसमध्ये काढली,
पण शालनच्या शेजारी बसून
कधी कुठं गेलो नव्हतो.
ती सीटवर, मी मधल्या वाटेत,
खांद्याला चामडी पिशवी, बोटांत पंच.
एकदा तर तिचंही तिकीट फाडलं.
सुट्टे नव्हते माझ्याकडं,
तिकिटामागं लिहून दिलं : बाकी रुपये दोन.

थोरलीनं पैसे भरले. युरोप, बारा दिवस, बसनं.
फुलेवाडी नाक्यावर चहाला सगळे हसले :
"मास्तर, रिटायर होऊनबी बसच व्हय?"

गाडी मोठी, काचा लख्ख,
घंटीची दोरी तेवढी नव्हती.
हात आपोआप वर जायचा
आणि रिकामा खाली यायचा.
डोंगर बघायचं सोडून शालन म्हणाली,
"बसा की आता.
माझे दोन रुपये राहिलेत तुमच्याकडं."

पहिले दोन दिवस कुणी कुणाचं नव्हतं.
मग इचलकरंजीच्या नदाफ वहिनींनी
शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढं दिला.
तो फिरत फिरत परत आला तेव्हा
त्यात कुणाची चकली होती,
कुणाच्या उलटीवरच्या गोळ्या.
नांदेडचे वडजकर, चित्रकलेचे, खरेखुरे मास्तर,
म्हणाले, "एका गाडीत दोन मास्तर!
तुम्ही माणसं मोजा, मी काढतो."

मोजायचोच. खोड जाते का?
दर थांब्यानंतर, ओठांतल्या ओठांत :
त्रेचाळीस.

ऑस्ट्रियात पंपावरून निघालो, बोगदा लागला.
बेचाळीस.
टूरचा पोरगा अद्वैत म्हणाला, "काका, मी मोजलेत."
"पुन्हा मोज."
मोजलं त्यानं. आणि मटकन खाली बसला.

हमरस्त्यावर गाडी वळवता येत नाही तिकडं.
पुढं जाऊन उतरलो, डोंगरातली बारकी वाट धरली,
आणि वळणावर दुधाचा टँकर,
नाकाला नाक.
झोल्टान ड्रायव्हर घामाघूम. मागं दरी.
मी खाली उतरलो,
गगनबावड्याच्या घाटात उतरायचो तसाच,
गाडीच्या पाठीवर तळहात मारत :
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
जरा डावी मार, येऊ दे...
बस्स!
हंगेरीत मराठी कोण शिकवतं ठाऊक नाही,
पण गाडी कठड्यापासून वितीवर थांबली.
टँकरवाल्यानं टोपी काढली.
मग मी पत्र्यावर दोनदा थाप मारली
आणि झोल्टाननं, देवाशपथ, गिअर टाकला.

वडजकर पंपामागच्या बाकावर बसून
कचऱ्याच्या लाल डब्याचं चित्र काढत होते.
नदाफ वहिनी आधी रागावल्या, मग रडल्या,
मग रडल्या म्हणून पुन्हा रागावल्या.
"घाबरलो नाही हो," ते म्हणाले,
"मला माहीत होतं, तुम्ही मोजणार."
चित्रातली एकेक रेघ मात्र
थरथरलेली.

परवा आले कोल्हापूरला, मुक्कामाला.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात
सगळ्यांची नावं काढली :
कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या मुलीचं ठरलं,
झोल्टानला म्हणे नातू झाला.
पण कितीदा मोजलं तरी एक्केचाळीसच भरेनात का!
शालन कागदाच्या चमच्यातली शेव वेचत म्हणाली,
"अहो, तुम्ही दोघं कुठं धरलाय?"

आज सकाळी स्टँडवर नांदेडची गाडी.
रुमाल टाकून खिडकी धरून दिली.
गाडी फलाटावरून मागं येऊ लागली,
कंडक्टर पोरगा आत मशीनशी झटत होता,
आणि माझे पाय आपसूक पाठीमागं गेले.
येऊ दे, येऊ दे...
दोनदा थाप.
त्यानं डोकं बाहेर काढलं : "कोण रं त्यो?"
वडजकर खिडकीत लहान पोरागत हसत होते,
गाडी दाभोळकर कॉर्नरकडं वळेपर्यंत.

येताना केएमटीत शालनच्या शेजारी बसलो.
दोन तिकिटं काढली, नोट दिली.
कंडक्टर म्हणाला, "सुट्टं न्हाईत काका,
उतरताना घ्या."

शालननं माझ्याकडं पाहिलं.